पानांसाठी ठेवलेल्या झाडांना आलेली फुलं

ओसरी (डोंबिवली)

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला माझा स्पायडर प्लांट टांगलेला आहे. शेजारच्या काकूंनी घर सोडताना दह्याच्या डब्यात लावून दिला होता, त्याला आता चार वर्षं झाली. लांब हिरवी पानं, मधोमध पांढरा पट्टा, एवढंच त्याचं कौतुक. भांडी घासताना तो रोज डोळ्यांसमोर असतो, आणि तरी त्याला फुलं येतात हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

झालं असं की साबांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही एवढीशी चांदणी कसली लागलीय याला?"

मी हात पुसून बघितलं. पानांच्या झुपक्यातून एक लांब, पिवळट दांडी बाहेर आलेली होती. मला वाटायचं या दांड्यांना फक्त पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, लागतात. तर त्या दांडीवर, पिल्लू फुटायच्या जागेच्या जरा मागे, एक पांढरं फूल. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. सासऱ्यांचं पोस्टाच्या तिकिटांचं भिंग अजून कपाटात आहे, ते काढलं. सहा पाकळ्या, तीन जरा रुंद आणि तीन अरुंद. मधे सहा पुंकेसर, टोकाला पिवळे, आणि त्यांच्यातून एक पांढरा केस बाहेर डोकावतोय. पाकळीच्या पाठीवर अगदी फिकट हिरवी रेघ. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी फूल मिटलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वरची कळी उघडली. असं सहा दिवस चाललं. सहाही दिवस साबा साडेआठला ओट्याशी हजर.

त्यांचं माहेर मुरबाडकडचं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ही तर फोडशीची फुलं गं." पहिल्या पावसानंतर ठाण्या-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका हिरव्या पातीच्या जुड्या घेऊन बसतात ना, ती फोडशी, काही जण कुली म्हणतात. मी म्हटलं, साबा, हे आफ्रिकेतलं झाड, ती आपली रानभाजी, काय संबंध? मग शोधलं तर साबा बरोबर होत्या. दोन्ही क्लोरोफायटम याच कुळीतल्या. आणि त्यात आणखी एक गंमत सापडली. औषधातली सफेद मुसळी हीसुद्धा यांचीच बहीण, आणि तिचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, म्हणजे आपल्या बोरिवलीवरून. १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ते नाव दिलं. मी रोज ज्या लोकलने जाते तिच्या नकाशावरचं एक स्टेशन, आणि माझ्या खिडकीतल्या कुंडीच्या बहिणीचं नाव. दिवसभर मला त्याचा आनंद पुरला.

तर हा धागा त्यासाठी. गुलाब, जास्वंद, मोगरा यांच्याबद्दल आपण पुष्कळ लिहितो. इथे मला ती फुलं हवी आहेत जी आपण मागितली नव्हती. पानांसाठी, भाजीसाठी, शोभेसाठी, औषधासाठी ठेवलेल्या झाडाला आलेली, किंवा कुंडीत आपोआप उगवलेल्या तणाची. किती छोटं होतं, कधी उघडलं, कुणी दाखवलं, सगळं लिहा.

कुंडीभर

काय सुंदर लिहिलंय. साबांना नमस्कार सांगा.

माझ्याकडून तुळस. मंजिरी आपण सगळेच बघतो, पण फूल किती जणांनी बघितलंय? मंजिरीच्या दांडीवर थर असतात, एका थरात साधारण सहा फुलं, गोल फेर धरल्यासारखी. एकेक फूल मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं. जांभळट ओठ, त्यातून चार पुंकेसर बाहेर. वाळल्यावर तेच बोंड तळव्यावर चोळलं की आतून चार बारीक बिया पडतात.

रानवाट (रत्नागिरी)

ओसरीताई, तुम्ही तणाला जागा दिलीत म्हणून लिहितो.

माझ्या अंगणात तीसेक कुंड्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत मी लावलेल्या झाडाबरोबर केना असतो. पूर्वी उपटून टाकायचो. आता जून ते सप्टेंबर ठेवतो, कारण त्याचं निळं मला दुसऱ्या कुठल्या फुलात मिळालं नाही. सकाळी सातला बघा. होडीसारख्या हिरव्या पानातून फूल वर येतं. वरच्या दोन पाकळ्या निळ्या आणि गोल, खालची तिसरी लहान, फिकट, पटकन नजरेत न भरणारी. मधे पिवळे ठिपके. ते सगळे खरे परागकोश नसतात, काही नुसते माशीला बोलवायला असतात. दुपारी बारापर्यंत सगळं संपलेलं. केन्याच्या पाकळ्या वाळत नाहीत, वितळतात. बोटाला निळसर ओल लागते, तेवढीच खूण.

याहून मोठी गोष्ट जमिनीखाली आहे. केन्याला मातीच्या आतही फुलं येतात. मुळाजवळून पांढऱ्या फांद्या निघतात, त्यांच्यावर मिटलेल्या पिशव्यांसारखी फुलं. ती कधीच उघडत नाहीत. ऊन नाही, माशी नाही, आतल्या आत परागण होऊन बी धरतं. वरचं फूल पावसाने झोडपलं, गुरांनी खाल्लं, कुणी भाजीला खुडून नेलं तरी खाली बी तयार. शेतकरी केन्याला का वैतागतात ते यावरून कळतं. पण कुंडीत वैतागायचं कारण नाही. कोवळा असताना खुडा, भजी करा, उरलेला फुलू द्या.

आंबुशीचंही तेच. पाच पिवळ्या पाकळ्या, बदामाच्या आकाराची तीन पानं, संध्याकाळी पानं छत्रीसारखी मिटतात. पिकलेल्या शेंगेला हात लावलात तर बिया ताडकन अंगावर उडतात. माझी नात यासाठी शाळेतून आली की आधी कुंड्यांकडे पळते. आंबुशी ठेवण्याचं अजून एक कारण आहे. छोटं फिकट निळं फुलपाखरू, गवतातून अगदी खालून उडणारं, त्याच्या अळ्या आंबुशीच्या पानांवर वाढतात. उपटली आंबुशी की तेही गेलं.

सायली_७

वाचतेय. फोटो टाका ना कुणीतरी केन्याचे.

वऱ्हाडी_ऊन (नागपूर)

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत गच्चीवर काही टिकत नाही म्हणून माझी झाडं मोजकीच. एक मिरची, एक कढीपत्ता, आणि तेलाच्या कापलेल्या डब्यात चिनी गुलाब.

मिरचीचं फूल खाली बघतं, त्यामुळे दिसत नाही. मी एकदा गच्चीवर आडवा पडून खालून बघितलं. पांढऱ्या पाच-सहा पाकळ्या आणि मधे निळसर जांभळे परागकोश. हिरव्या झणझणीत मिरचीच्या आधी एवढं शांत काही येऊन जातं हे मला पन्नाशीत कळलं. पारा चाळिशीच्या वर गेला की फुलं गळतात, मिरची धरत नाही. बरेच जण खत कमी पडलं समजून खत घालत बसतात. खताने काही होत नाही. हिरवी जाळी लावा, सकाळी पाणी द्या आणि पावसाची वाट बघा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तेच झाड भरून येतं.

चिनी गुलाबाला आमच्या घरी 'ऑफिस टाइम' म्हणतात. दहाच्या सुमाराला उघडतो, दुपार कलली की मिटतो, आणि ढग आले तर उघडतच नाही. नोकरीत असताना मला तो फक्त रविवारी दिसायचा. एक प्रयोग सांगतो. फूल पूर्ण उघडलेलं असताना झाडूच्या काडीने मधल्या पुंकेसरांना अगदी हलका स्पर्श करा आणि हात काढून घ्या. पुंकेसर हळूच हलतात, झुकतात. वारा नसताना करा म्हणजे खात्री पटेल. मी माझ्या वडिलांना दाखवलं तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली आणि एकामागून एक सगळ्या फुलांना लावून बघितली.

परदेशीमाती (श्टुटगार्ट)

इथे नोव्हेंबरपासून अंधारच असतो. माझ्याकडे बाल्कनी नाही, दक्षिणेची एक खिडकी आहे, तिच्या पट्टीवर चार कुंड्या. सगळी लागवड मिसळणाच्या डब्यातून. आईने दिलेले धने, मोहरी, मेथी.

धने पेरताना आधी लाटण्याने हलके रगडायचे, दोन फाकी व्हायला हव्यात, कारण एका धन्यात दोन बिया असतात. एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर मी जूनमध्ये सुट्टीवर गेले म्हणून खुडायची राहून गेली. परत आले तर पानं दोऱ्यासारखी बारीक झालेली आणि वर पांढऱ्या छत्र्या. कोथिंबीर फुलली म्हणजे वाया गेली असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. ती छत्री जवळून बघितल्यावर मी ते वाक्य कायमचं सोडलं. छत्रीच्या कडेच्या फुलांना बाहेरच्या बाजूची पाकळी मोठी असते आणि आतल्या बाजूच्या छोट्या. मधल्या फुलांच्या सगळ्या सारख्याच. म्हणजे पन्नास फुलांनी मिळून एकाच मोठ्या फुलाची झालर केलेली असते. दुरून उडणाऱ्या माशीला ती झालर दिसते.

मोहरीचं फूल म्हणजे चार पिवळ्या पाकळ्यांची फुली. पुंकेसर सहा, त्यातले चार उंच आणि दोन बुटके. हे शाळेत प्रयोगवहीत काढलं होतं, पाठ केलं होतं, मार्क मिळाले होते. पण बघितलं मी इथे, बाहेर पाच अंश तापमान असताना. त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा फुलावर धरून ठेवला. ती पोळ्या करत होती. तिने गॅस बंद केला.

गोधडी

परदेशीमाती, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझा एक जुना प्रश्न. मनीप्लांटला फूल का येत नाही? आमचा दिवाणखान्याच्या तीन भिंती फिरून आला, पण कळी नाही.

कुंडीभर

गोधडी, तुमचं काही चुकत नाहीये. मनीप्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयारच होत नाही, कारण ते बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड आहे. तैवानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हे दाखवलं. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर झाडाला फुलं आली. आपोआप फुलल्याची त्याआधीची शेवटची नोंद १९६४ ची. जगभरातला मनीप्लांट तुकड्यांवरून, बाटलीत पाणी घालून, एकाने दुसऱ्याला देत पसरलेला आहे. माझ्याकडचा माझ्या आत्याच्या घरचा, तिच्याकडचा तिच्या ऑफिसातला. त्याचं फूल म्हणजे हे देणं-घेणं, असं मी तरी मानते.

त्याच्याच अळू-सुरणाच्या कुळातली पीस लिली मात्र आपल्याकडे सहज फुलते. फक्त तिची पांढरी 'पाकळी' ही पाकळी नाही, ते पान आहे. खरी फुलं मधल्या जाड दांडीवर, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून. भिंग लावा, प्रत्येक खवला म्हणजे एक फूल. बोगनवेलीचंही असंच. गुलाबी कागद बाजूला करून आत बघा, पांढऱ्या नळीचं एवढंसं फूल असतं, प्रत्येक कागदाला एक.

रात्रपाळी

मी नर्स आहे, आठवड्यातून तीन रात्री ड्युटी असते. पहाटे घरी येते तेव्हा सगळे झोपलेले असतात.

मागच्या मार्चमध्ये घरात शिरले तर सुगंध येत होता. उदबत्ती नाही, अत्तर नाही. वास घेत घेत गेले तर जिन्याजवळचा स्नेक प्लांट. आठ वर्षं एकाच कुंडीत, मुळांनी कुंडी फुगवलेली, मी कधी धड पाणीही घालत नव्हते. पानांमधून हातभर दांडी आली होती आणि तिच्यावर हिरवट पांढरी फुलं, लांब पाकळ्या मागे वळलेल्या. दांडीवर जागोजागी मधाचे थेंब, बॅटरीच्या उजेडात चमकणारे. बोट लावलं तर चिकट. हे फूल रात्रीच उघडतं, रात्रीच दरवळतं. घरातल्या बाकीच्यांनी दिवसा बघितलं तेव्हा त्यांना फक्त मिटलेल्या वाती दिसल्या. दहा-बारा दिवस तो वास फक्त माझा होता.

एक माहिती. ज्या झुपक्यातून दांडी येते तो झुपका पुढे नवीन पानं काढत नाही, पण मरतही नाही. शेजारून कोंब फुटतात. त्यामुळे फूल येऊन गेल्यावर झाड थांबलं म्हणून घाबरू नका, मी घाबरले होते.

सायली_७

धागा वाचून कढीपत्त्याजवळ गेले तर फुलं सोडाच, देठाशी पांढरा कापूस चिकटलाय आणि मुंग्यांची रांग लागलीय. काय करू? फार वाईट वाटतंय.

रानवाट

सायली, तो पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर तर हमखास येतो. तो गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि त्याची राखण करतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोड. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेव. दिसतोय तेवढा ढेकूण जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून काढ. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, नीट ढवळून पानांच्या खालच्या बाजूने फवार. ऊन उतरल्यावर, आठवड्यातून एकदा, असं तीन आठवडे. उघड्या फुलांवर मात्र फवारू नकोस, तिथे माश्या येतात.

आणि घासताना नीट बघ. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर ते पुसू नकोस. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी असते, लहानपणी ती हुबेहूब तशी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. दहा-बारा पानं खाईल. खाऊ दे. आपल्या राज्य फुलपाखराची, राणी पाखराची, ती जवळची नातलग आहे.

गोधडी

मंजिऱ्या खुडाव्यात असं आमच्याकडे सांगतात, नाहीतर तुळस वाळते. कुंडीभर, तुम्ही ठेवता का?

कुंडीभर

निम्म्या खुडते, निम्म्या ठेवते. बी धरायला लागलं की झाडाचा जोर तिकडे जातो हे खरं, खुडल्यावर पालवी चांगली येते. पण सगळ्या खुडल्या तर माश्यांचं काय? आमच्या गॅलरीत फुलोरी माश्या, म्हणजे छोट्या मधमाश्या, सकाळी नऊला येतात. कधी पोयाही येतात, त्या बिनडंखाच्या, मुंगीएवढ्या. तिसऱ्या मजल्यावर, सगळीकडे काँक्रीट, आणि त्या माझ्या तुळशीसाठी येतात. माझ्या सासूबाई आधी रागवायच्या, आता माश्या आल्या का म्हणून त्याच विचारतात.

वऱ्हाडी_ऊन

खुडायच्याच. नाहीतर वर्षभरात काष्ठ होतं, मी दोन तुळशी अशा घालवल्यात. माश्यांसाठी वेगळी रानतुळस लावा ना.

ओसरी

दोन दिवस यायला जमलं नाही. सोसायटीतून नोटीस आली होती, ग्रिलवरच्या सगळ्या कुंड्या आठ दिवसांत काढा म्हणून. वाईट वाटलं, पण खालून मुलं जातात, कुंडी पडली तर काय, हे मलाही पटलं. टांगलेल्या कुंड्या आत घेतल्या. स्पायडर प्लांट आता ओट्याच्या कोपऱ्यात आहे. त्याची सहा पिल्लं कापून सहा घरी दिली, एक नोटीस घेऊन आलेल्या काकांकडे गेलं.

रानवाटकाका, तुमचा केना वाचून राहवलं नाही. आमच्या पुदिन्याच्या कुंडीत तो आहेच. आज सकाळी साबांनी एक रोप मुळासकट अलगद काढून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो. माती झाडायला त्यांनी देवपूजेतला मोरपिसाचा कुंचला आणला. आधी नुसती मुळं दिसत होती. मग त्यांनी बोट ठेवलं. एक पांढरी फांदी, मुळापेक्षा जाड, आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी फिकट पिशवी. अजून पुढे दुसरी. नखाने उघडून बघूया का म्हटलं तर साबा नको म्हणाल्या.

"माझ्या आईने आयुष्यभर याची भाजी केली," त्या म्हणाल्या, "हे तिला दाखवायला हवं होतं."

रोप परत त्याच कुंडीत लावलंय. जरा मान टाकली होती, संध्याकाळी उभं राहिलं. वरची एक कळी उद्या उघडेल असं वाटतंय. सातचा गजर लावलाय साबांनी.

सायली_७

ओसरीताई, उद्या फोटो टाकाच. माझ्या कढीपत्त्यावर 'शीट' सापडली आहे. ती चालतेय.